कागदाचा काळ आणि काळाचे नाव

धाराशिव जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घराच्या माळवदाची दुरुस्ती करताना एका पेटीत रुमालात बांधलेले काही मोडी कागद निघाले. त्यांपैकी एक कागद त्यांनी मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून बाळबोध लिपीत उतरवून घेतला. त्याच्या प्रारंभी ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ’ असे असून शेवटी ‘छ १२ सफर’ असे आहे, आणि मधल्या मजकुरात मोगलाई, मोकासा आणि पाटीलकीचे वतन असे शब्द आहेत. या कागदावरून घरात चार मते झाली. सासरे तो शिवकालीन मानतात. महाविद्यालयात इतिहास शिकणारा मुलगा तो पेशवाईतला म्हणतो, पण त्याचेच पाठ्यपुस्तक त्या काळाला मध्ययुग म्हणते. एका नातेवाइकांच्या मते मोगलाई हा शब्द आला म्हणजे कागद औरंगजेबाच्या वेळचा असला पाहिजे. ‘यांत बरोबर कोण, आणि आमच्यासारख्या सामान्य माणसांनी असे शब्द समजून घ्यायचे कसे?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. आपण पाठविलेले वाचन बरोबर असेल, तर हा कागद इसवी सन १७७५ च्या एप्रिल महिन्यातला आहे. त्या वेळी शिवछत्रपतींच्या निधनाला पंचाण्णव वर्षे आणि औरंगजेबाच्या मृत्यूला अडुसष्ट वर्षे झालेली होती, म्हणून आपले सासरे आणि नातेवाईक यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. मुलाचे म्हणणे पुष्कळसे बरोबर आहे, परंतु ज्या शब्दात त्याने ते मांडले आहे त्या शब्दाविषयी थोडे बोलावे लागेल.

कोणताही ऐतिहासिक शब्द समोर आला की तो कोणाच्या तोंडचा आहे हे प्रथम विचारावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काही शब्द त्या काळच्या माणसांनी आपल्या व्यवहारात वापरलेले असतात. शुहूर सन, मोकासा, वतन आणि मोगलाई हे आपल्या कागदातले शब्द त्या प्रकारचे आहेत. दुसरे शब्द पुढच्या अभ्यासकांनी मागे वळून पाहताना त्या काळाला दिलेले असतात, आणि मध्ययुग, शिवकाल, मराठेशाही हे त्या प्रकारचे होत. पहिल्या प्रकारच्या शब्दांचा अर्थ कागदातूनच काढावा लागतो, तर दुसऱ्या प्रकारच्या शब्दांचा अर्थ तो शब्द योजणाऱ्याने काळाच्या सीमा कोठे आखल्या आहेत त्यावर ठरतो. आपल्या घरातील वादाचे मूळ असे आहे की दोन्ही प्रकारचे शब्द एकाच मापाने मोजले गेले.

आता तारखेकडे वळू, कारण काळाचे नाव कितीही गोड वाटले तरी आधार तारखेचाच घ्यावा लागतो. ‘सु॥’ हे शुहूर सनाचे संक्षिप्त रूप आहे. या सनाला सुहूर सन, अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी याचे वर्ष बदलते, म्हणजे शेतकऱ्याचे पेरणीचे वर्ष आणि सरकारचे वसुलीचे वर्ष एकत्र सुरू होते. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या अमदानीत, तो दख्खनेत रूढ झाला आणि पुढे आदिलशाही, निजामशाही व मराठी दफ्तरांत तो शेवटपर्यंत चालला. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि आधी एकम्, मग दहम्, मग शतक, मग सहस्र असा उलटा क्रम ठेवतात. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. या सर्वांची बेरीज ११७५ होते. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो, म्हणून आपला कागद जून १७७४ ते जून १७७५ या वर्षातला ठरतो.

राहिला ‘छ १२ सफर’. ‘छ’ हे चंद्राचे, म्हणजे चांद्र तारखेचे चिन्ह आहे आणि सफर हा हिजरी वर्षाचा दुसरा महिना आहे. वर्ष सौर मानाचे आणि महिना चांद्र मानाचा, अशी ही जोडणी आहे आणि नवख्या वाचकाची फसगत बहुधा येथेच होते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे सफर महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. ११७५ या मृगसालात तो एकदाच आला आणि तो १७७५ च्या एप्रिलमध्ये पडला. त्या वेळी आपल्याकडे शके १६९७ चा चैत्र चालू होता. शालिवाहन शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, त्यामुळे हाही हिशेब जुळतो.

एक गोष्ट मात्र पुन्हा तपासून घ्यावी. मोडीत सबैन आणि तिसैन हे शब्द घाईच्या अक्षरात एकमेकांसारखे वाचले जाण्याचा संभव असतो. सबैनऐवजी तिसैन असेल तर आकडा ११९५ होईल आणि बारावा सफर सप्टेंबर १७९४ मध्ये जाईल, म्हणजे खर्ड्याच्या लढाईच्या अगोदरच्या पावसाळ्यात. दोन वाचनांत वीस वर्षांचे अंतर पडते आणि त्या वीस वर्षांत माणसांची एक पिढी बदलते. ज्या गृहस्थांनी लिप्यंतर केले त्यांना तेवढाच शब्द पुन्हा पाहण्याची विनंती करावी, आणि कागदात ज्या मोकासदाराचे, म्हणजे मोकाशाच्या हक्कदाराचे, किंवा कमाविसदाराचे, म्हणजे वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याचे, नाव असेल ते वेगळे टिपून घ्यावे, कारण माणसाच्या नावावरून काळाची खातरजमा होते.

याच सनाने आपल्या सासऱ्यांच्या शंकेचेही निरसन होते. शुहूर सन ११०० हे वर्ष इसवी सन १६९९ च्या मे-जूनमध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या सर्व वर्षांचे आकडे हजार आणि वर काही इतकेच असल्याने त्यांत मया हा शब्द येऊच शकत नाही. शिवछत्रपतींच्या काळातील कागदावर ‘इसन्ने खमसैन अलफ’ अशा धर्तीची मिती दिसेल, मया दिसणार नाही. मया दिसला की कागद १६९९ च्या पुढचा, आणि मयातैन दिसला की १७९९ च्या पुढचा, ही खूण मोडी न येणाऱ्या माणसालाही लिप्यंतरावरून पटकन ओळखता येते. ज्या कागदावर मया आहे आणि मजकूर मात्र शिवाजी महाराजांनी दिलेल्या वतनाचा आहे, तो कागद एक तर नंतरची नक्कल असतो किंवा जुन्या वतनाचा नंतर लिहिलेला करीना, म्हणजे हकिकतीचा कागद, असतो. वतनाच्या वादांत आपला हक्क जुना दाखविण्यासाठी बनावट कागदही होत असत, हेही ध्यानात असू द्यावे. आपल्या घरी वतन शिवकाळापासून चालत आले असेल तर सासऱ्यांच्या आठवणीत तथ्य असू शकते. वतन जुने आणि कागद मागाहूनचा, असे पुष्कळ घरांत आढळते.

तारखांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा हल्ली दरवर्षी जून महिन्यात कानावर येतो, म्हणून त्याचा उल्लेख करतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी झाला, आणि त्याची इंग्रजी तारीख ६ जून १६७४ अशी दिली जाते. ही तारीख जुन्या, म्हणजे जुलियन पंचांगाची आहे. इंग्लंडने ते पंचांग १७५२ साली सोडले, म्हणून रायगडावर हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या सहकाऱ्यांची सगळी पत्रे जुन्या गणनेत आहेत. पोर्तुगालने मात्र नवे ग्रेगोरियन पंचांग १५८२ सालीच स्वीकारले होते, त्यामुळे गोव्यातील पोर्तुगीज दफ्तरात तोच दिवस १६ जून ठरतो. मुंबईच्या इंग्रजाचे पत्र आणि पणजीच्या पुराभिलेखातील कागद शेजारी ठेवून वाचताना हा दहा दिवसांचा फरक ध्यानात घेतला नाही, तर घडलेल्या गोष्टींचा क्रमच उलटा लागण्याची भीती असते. भर म्हणजे इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. शिवजन्माची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० लिहितो, पण तेव्हाच्या इंग्रज कारकुनाने तो दिवस १६२९ मध्येच धरला असता. शके १५५१ च्या फाल्गुनात ७८ नव्हे तर ७९ मिळवावे लागतात, कारण जानेवारी ते फाल्गुनअखेर शक जुनाच राहतो आणि इसवी सन बदललेला असतो. पानिपतच्या दिवसालाही हेच लागू होते. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ म्हणजे १४ जानेवारी १७६१, आणि त्याच दिवसाचे शुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. चिरंजीवांना हे तीन आकडे एकमेकांत बसवून पाहण्यास सांगावे. पानिपतच्या बाबतीत हिशेब एकदा हाताने केला की पुढे कोणत्याही कागदाची धास्ती वाटत नाही.

फसली सन, म्हणजे महसुलाच्या कामी वापरला जाणारा दुसरा एक सन, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, पण आपण मराठवाड्यात राहता म्हणून सांगून ठेवतो. इसवी सन काढण्यासाठी दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. हैदराबाद संस्थानातील महसुली कागदांवर हाच सन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आहे, मात्र तेथे त्याचे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असे. आपल्याच रुमालात दुसरा एखादा कागद १३५० फसलीचा निघाला, तर तो अठराव्या शतकातला नसून १९४० च्या आसपासचा असेल.

आता मोगलाई. या शब्दामुळे आपले नातेवाईक औरंगजेबापर्यंत गेले आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण शब्दाचा आजचा कानाला लागणारा अर्थ तसाच आहे. मात्र अठराव्या शतकातील मराठी पत्रांत ‘मोगल’ म्हणजे बहुतेक वेळा हैदराबादचा निजाम. निजामुल्मुल्क आसफजाह हा मूळचा दिल्लीच्या बादशहाचा दख्खनेतील सुभेदार. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून तो प्रत्यक्षात स्वतंत्र झाला, तरी नाव बादशहाचेच चालवीत राहिला. म्हणून मराठ्यांनी त्याला, त्याच्या मुलांना आणि त्याच्या मुलखाला मोगल व मोगलाई असेच म्हटले. पालखेड, राक्षसभुवन, खर्डा या लढाया तत्कालीन पत्रांत मोगलांशी झालेल्या लढाया आहेत. मराठवाड्यातील जुनी माणसे निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत असत, आणि सीमेवरच्या गावांत मोगलाईतले गाव आणि इंग्रजीतले गाव हा भेद बोलण्यात १९४८ पर्यंत सहज येत असे. आपल्या कागदातील मोगलाई ही तीच आहे. १७७५ साली तेथे निजाम अली खानाचे राज्य होते.

याच्या शेजारचा एक घोटाळा याहून अधिक पसरलेला आहे. अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. निजामशाही १४९० मध्ये मलिक अहमदाने स्थापिली आणि १६३६ मध्ये ती संपली. मलिक अंबर आणि शहाजीराजे ज्या निजामशाहीसाठी झगडले ती हीच. हैदराबादचे आसफजाही घराणे त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी उदयास आले आणि त्याचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपले. ‘निजामाच्या काळातला मलिक अंबर’ असे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या लेखनात वाचले आहे. मराठवाड्यात, जेथे मलिक अंबराची खडकी आणि निजामाचे औरंगाबाद हे एकच गाव आहे, तेथे तरी या दोन काळांमधले अंतर प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

गाव मोगलाईत, मग त्यात मराठ्यांचा मोकासा कसा? हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी कागदाचे मर्म त्यातच आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांत दख्खनेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखी असे दोन हक्क होते. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. मुलूख दुसऱ्याचा असला तरी त्याच्या उत्पन्नातला हा भाग मराठ्यांचा. त्या चौथाईची पुढे वाटणी होई. शंभर रुपये आले तर पंचवीस रुपये बाबती म्हणून छत्रपतींकडे, सहा रुपये साहोत्रा म्हणून पंत सचिवांकडे, तीन रुपये नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीतील माणसाकडे, आणि उरलेले सहासष्ट रुपये मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदाराकडे जात. आपल्या कागदातील मोकासदार म्हणजे हा सहासष्ट रुपयांचा धनी. ज्या गावात निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार दोघेही वसुलीला येत त्या गावात दुअमली आहे असे म्हणत, आणि दोन्ही सरकारांना तोंड देण्याचे काम गावच्या पाटलावर येई. पाटीलकीच्या वतनाचा कागद जपून ठेवण्याची इतकी गरज का होती, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे मिळते.

वतन हा शब्दही आज निराळ्या अर्थाने ऐकू येतो. हिंदी गाण्यांमुळे त्याचा अर्थ देश असा मनात बसतो, आणि जमिनीच्या वादांमुळे जमीन असा. दफ्तरातले वतन म्हणजे वंशपरंपरेचे काम, त्या कामाबद्दलचे उत्पन्न आणि त्याबरोबर येणारा मान, ही तिन्ही मिळून होत. पाटलाचे, कुलकर्ण्याचे, देशमुखाचे जसे वतन असे तसे सुताराचे, चांभाराचे आणि महाराचेही वतन असे. फरक इतकाच की कोणाच्या वाट्याला मानपान आला आणि कोणाच्या वाट्याला न संपणारी सेवा आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले ते यासाठीच. ‘वतन’ शब्द वाचताना केवळ पागोटे आणि पानसुपारी डोळ्यांसमोर आणणे अपुरे आहे. आणि घरातील कोणी हा कागद घेऊन जमिनीचा दावा सांगू पाहत असेल तर त्यांना एवढे सांगावे की हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये आणि इनामे त्यानंतरच्या कायद्याने संपुष्टात आली. या कागदाचे मोल इतिहासाचे आहे. जमिनीविषयी काही विचारायचे असेल तर ते वकिलांना विचारावे.

एकाच शब्दाचा अर्थ काळागणिक किती बदलतो याचे स्वराज्य हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १७१९ च्या सनदांत स्वराज्य हा महसुली शब्द आहे. शिवछत्रपतींच्या निधनसमयी त्यांच्या ताब्यात होता तो मुलूख, ज्यावर चौथाईचा प्रश्न येत नाही कारण तो संपूर्ण आपलाच, असा त्याचा अर्थ. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तेव्हा स्वराज्य म्हणजे साम्राज्यात राहून आपला कारभार आपल्या हाती घेणे, आणि १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेसला त्यापुढे जायचे होते म्हणून ‘पूर्ण’ हे विशेषण जोडावे लागले. तिन्ही अर्थ आपापल्या जागी खरे आहेत. अडचण होते ती १९१६ चा अर्थ १७१९ च्या सनदेत वाचला की.

आता मुलाच्या पेशवाईकडे येतो. पेशवाई हा शब्द तत्कालीनच आहे, पण त्याचा अर्थ पेशवेपद असा होता. सातारकर छत्रपती पेशवाईची वस्त्रे देत, आणि पेशव्यांच्या शिक्क्यांत आधी छत्रपतींचे नाव येऊन मग पेशवा स्वतःला मुख्य प्रधान म्हणवून घेई. काळाला पेशवाई म्हणण्याची पद्धत नंतरची आहे, आणि तिच्या सीमाही प्रत्येकजण निराळ्या धरतो. कोणी १७१३ पासून मोजतो, कारण तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पद मिळाले. कोणी डिसेंबर १७४९ पासून मोजतो, कारण शाहू छत्रपतींच्या निधनानंतर सत्ता खऱ्या अर्थाने पुण्यात आली. मला दुसरी सीमा अधिक पटते. शाहू महाराज हयात असताना साताऱ्याचा शब्द मोडण्याची प्राज्ञा पुण्याची नव्हती, आणि त्या छत्तीस वर्षांना पेशवाई म्हटल्याने शाहू महाराज आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले, ही हानी मोठी आहे. शेवट १८१८ असा सर्वजण लिहितात. तो पुण्यापुरता बरोबर आहे, परंतु सातारचे राज्य १८४८ पर्यंत आणि नागपूरचे १८५३ पर्यंत होते, आणि कोल्हापूर, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थाने तर स्वातंत्र्यानंतर विलीन झाली. एप्रिल १७७५ मध्ये पेशवे होते सवाई माधवराव, वय एक वर्ष. कारभार नाना फडणीस, सखाराम बापू इत्यादी बारभाईंच्या हाती होता, आणि रघुनाथराव सुरतेचा तह करून इंग्रजांना मिळाले होते. त्यामुळे कागद बारभाईंच्या काळातला म्हटला तर ते पेशवाईपेक्षा किती तरी नेमके होईल.

मराठेशाही हा शब्द त्या मानाने व्यापक आहे आणि त्यात सातारा, कोल्हापूर, पुणे, नागपूर सर्व येतात. सबंध काळाविषयी लिहिताना तो वापरण्यास हरकत नाही. शिवकाल हा शब्द मात्र १६८० च्या पुढे ताणू नये. संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि ताराबाई यांचा सत्तावीस वर्षांचा झगडा इतका मोठा आहे की त्याला स्वतःचे नाव मिळायला हवे.

पाठ्यपुस्तकातील मध्ययुगाविषयी थोडे अधिक सावध राहावे लागते. ही विभागणी युरोपातून आली. ग्रीक-रोमन वैभव आणि आपला नवा काळ यांच्या मधला जो काळ तेथील विद्वानांना रिकामा वाटला त्याला त्यांनी मधले युग म्हटले, आणि त्याच्या कडा साधारणपणे पश्चिम रोमन साम्राज्याचा ४७६ मधील अस्त आणि पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध अशा धरल्या. आपल्याकडे जेम्स मिल याने, हिंदुस्थानात पाऊल न ठेवता, १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन काळ पाडले. पुढे त्यांवरच प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन अशी नावे चढली. या विभागणीतला पहिला दोष असा की दोन काळ राजांच्या धर्मावरून ठरले आणि तिसरा मात्र राज्यकर्त्यांच्या देशावरून. दुसरा असा की महाराष्ट्रात त्या कडा जुळत नाहीत. राष्ट्रकूट, शिलाहार, यादव यांना कोणत्या खणात ठेवायचे यावर एकमत नाही. म्हणून आजचे अभ्यासक आठव्या ते तेराव्या शतकाला पूर्व मध्ययुग म्हणतात आणि धर्माऐवजी जमीनधारणा, व्यापार, भाषा यांतील बदल पाहतात. आपला १७७५ चा कागद पुस्तकाने मध्ययुगात घातला असेल तर तो परीक्षेच्या सोयीचा प्रश्न आहे. त्याच वर्षी पुण्याच्या मराठा सरकारची मुंबईच्या एका व्यापारी कंपनीशी, म्हणजे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी, लढाई सुरू झाली होती, यावरून त्या नावाचा तोकडेपणा चिरंजीवांच्या ध्यानात येईल. उत्तरपत्रिकेत त्यांनी पाठ्यपुस्तकाचा शब्द खुशाल लिहावा आणि पुढे वर्षे द्यावीत. शतकाचा उल्लेख करताना १७७५ हे अठरावे शतक, एवढे मात्र चुकू नये.

कागदांविषयी शेवटी व्यवहाराचे सांगतो. त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कारण पाठीमागच्या बाजूला बार, म्हणजे नोंदीचा शेरा, आणि शिक्का असण्याचा संभव असतो आणि लिप्यंतर करणारे तो पुष्कळदा सोडून देतात. प्रत्येक कागदाची एक टिपण करावी. तिच्यात कागदावरची मिती जशीच्या तशी अक्षरशः उतरावी, तिच्याखाली आपण काढलेली इसवी तारीख लिहावी, आणि वापरलेला हिशेबही लिहून ठेवावा. कागदातले शब्द एका बाजूला आणि आपण किंवा पुस्तकाने दिलेले शब्द दुसऱ्या बाजूला ठेवावेत. त्यानंतर छायाचित्रे घेऊन छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय पुराभिलेख कार्यालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवावीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तेथे आपल्या परगण्याचे आणि मौजाचे नाव व ११७५ हे शुहूर सन सांगून विचारणा केली, तर त्या वर्षाच्या हिशेबात आपल्या गावचा मोकासा कोणाकडे होता याची नोंद मिळण्याची शक्यता आहे. जाताना गावाचे आजचे नाव पुरेसे नसते. कागदात मौजे, तर्फ आणि परगणे यांची जी नावे असतील ती तिन्ही सोबत न्यावीत.